अर्धांगवायूतला वायू

इथे साकीनाक्याच्या गाळ्यात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की आपण म्हणतो 'अर्धांगवायू'. शेजारचा भैया म्हणतो 'लकवा'. माझा आक्षेप आपल्या शब्दावर आहे. त्यातला वायू म्हणजे आयुर्वेदातला वात. म्हणून घरचे आधी तेल-मालिश शोधतात. प्रत्यक्षात मेंदूची रक्तवाहिनी तुंबलेली नाहीतर फुटलेली असते. तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात. 'पक्षाघात' हाही वातरोगांतलाच, पण त्यात निदान 'आघात' तरी आहे. बोलण्यात मात्र तो येत नाही. 'झटका' म्हणावं, तर तो हृदयाचाही आणि फिटचाही! तूर्त रिक्षावाल्याला 'मेंदूचा अटॅक' सांगा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. डॉक्टर ते विचारणारच.