हॅश मूल्य आणि संगणकीय पुरावा : एक चिकित्सा

संगणकातील फाईलच्या आशयावरून गणिती पद्धतीने काढलेले ठरावीक लांबीचे मूल्य म्हणजे हॅश मूल्य होय. एमडी-५ पद्धतीत ते ३२, तर एसएचए-२५६ मध्ये ६४ षोडशमान अंकांचे असते. फाईलचे नाव बदलले तरी मूल्य तेच राहते. मात्र आशयातील एक बिट बदलला तरी ते सर्वस्वी वेगळे येते. या गुणधर्माच्या आधारे अमेरिकेतील एनआयएसटी या संस्थेने ज्ञात सॉफ्टवेअरच्या फाईलींची संदर्भसूची तयार केली आहे. तिच्या साहाय्याने जप्त संगणकातील परिचित फाईली बाजूला काढता येतात व तपासनिसाचे श्रम वाचतात.

परंतु या सोयीलाच निष्कर्ष मानणे सदोष ठरते. ‘ज्ञात’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे. सदर सूचीत हॅकिंगच्या साधनांचीही नोंद आहे. कोतवालाच्या ओळखीचा प्रत्येक माणूस सज्जन असतोच असे नाही. उलटपक्षी, अमरावतीच्या मुद्रणालयातील मराठी अक्षरजुळणीचे जुने सॉफ्टवेअर किंवा अकोल्याच्या महाविद्यालयासाठी स्थानिक पातळीवर लिहिलेला शुल्कनोंदीचा प्रोग्राम सूचीत आढळला नाही, तर तेवढ्यावरून तो संशयास्पद ठरत नाही. ती मर्यादा सूचीच्या व्याप्तीची होय.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) नुसार प्रमाणपत्रात हॅश मूल्य व त्याची पद्धती नमूद करावी लागते. विहित नमुन्यात एसएचए-२५६ बरोबरच एमडी-५ व एसएचए-१ हेही पर्याय आहेत. भिन्न आशयाच्या दोन फाईलींचे मूल्य एकच येऊ शकते, हे एमडी-५ बाबत २००४ मध्ये व एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखविले गेले. दुसऱ्याच्या विद्यमान फाईलीची अशी जुळी फाईल घडविणे अद्याप व्यवहार्य नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि दोन्ही फाईली स्वतःच रचणाऱ्यास ते शक्य असल्याने केवळ जुन्या पद्धतीवर विसंबणे अप्रशस्त होय.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. मूल्य काढल्यानंतर आशय बदलला नाही, एवढेच ते सिद्ध करते. अकोल्यात जप्त झालेल्या संगणकाचे मूल्य तो अमरावतीस पोहोचल्यावर काढले, तर मधल्या काळाविषयी ते मूकच राहते. आरोपीचे स्वातंत्र्य मात्र नेमके त्याच काळावर अवलंबून असू शकते.

म्हणून जप्तीच्या जागीच, पंचांसमक्ष एसएचए-२५६ मूल्य काढून त्याची प्रत संबंधितास देणे आवश्यक आहे. हॅश मूल्य फाईलीची ओळख पटविते. तिच्या हेतूचा व कर्त्याचा शोध माणसालाच घ्यावा लागतो.