विनिमयाची दुसरी बाजू
(अमेरिकेत शिकलेल्या मराठी विद्वानांच्या लेखनासंबंधी काही विचार)

‘विद्यार्थि-विनिमय’ हा शब्द विद्यापीठीय व्यवहारात आता इतका रुळला आहे की त्यातील उत्तरपदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विनिमय म्हणजे देवाणघेवाण. केवळ जाणे, शिकणे आणि पदवी घेऊन परतणे याला विनिमय म्हणता येत नाही. त्याला फार तर ग्रहण म्हणावे. अमेरिकेतील विद्यापीठांत शिकून आलेल्या मराठी विद्वानांच्या लेखनाचा विचार करताना हा अर्थभेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. त्यांनी तेथे काय दिले आणि येथे काय आणले, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुधा इंग्रजीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर मराठीत शोधावे लागते आणि ते पुष्कळदा अपुरे भरते.

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न आज केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पास २०१६ साली तत्त्वतः मान्यता मिळाली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील अमेरिकन वेधशाळांशी ही संस्था जोडलेली असेल. भारतीय पदवी-विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात काही आठवडे कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत या विषयाच्या कामासाठी पाठविण्याची प्रथाही पडली आहे. असा विद्यार्थी तेथे एक छोटे संशोधन करतो, त्याचा अहवाल इंग्रजीत लिहितो आणि परत येतो. अहवाल तेथे राहतो. औंढ्याच्या वाचकासाठी तो काय घेऊन येतो, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला मराठीत एक उत्तम पूर्वोदाहरण आहे, आणि ते एका स्त्रीचे आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या व ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. म्हणजे देण्याची बाजू त्यांनी तेथेच पुरी केली होती. आणण्याची बाजू मात्र पुरी होऊ शकली नाही, कारण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या पदवीदान समारंभास इंग्लंडहून गेलेल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, तेथे बालोद्यानाची फ्रोबेलप्रणीत शिक्षणपद्धती शिकल्या, व्याख्याने देत हिंडल्या. रूढ अर्थाने त्या कोणत्याही विद्यापीठाच्या विद्यार्थिनी नव्हत्या. तरीही विनिमयाचा व्यवहार दोन्ही अंगांनी पुरा करणारी मराठी व्यक्ती म्हणून प्रथम त्यांचेच नाव घ्यावे लागते. १८८७ साली फिलाडेल्फियात त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. तो अमेरिकन वाचकांसाठी होता. १८८९ साली मुंबईत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध केला. तो मराठी वाचकांसाठी होता. पहिल्यात अमेरिकेला हिंदुस्थान समजावून दिला आहे, तर दुसऱ्यात महाराष्ट्राला अमेरिका. ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत. स्वतंत्रपणे वाचल्यास पहिले कैफियतीसारखे आणि दुसरे प्रशस्तीसारखे वाटण्याचा संभव आहे.

दुसऱ्या ग्रंथाच्या शीर्षकातच लेखिकेची पद्धती दिसून येते. देशाचे नाव जसेच्या तसे घेतले आहे. त्याचा संस्कृत पर्याय घडविण्याचा खटाटोप केलेला नाही. ‘लोकस्थिति’ हा शब्द मात्र मराठी वाचकाच्या परिचयाच्या विचारव्यूहातला आहे. ‘प्रवासवृत्त’ दुय्यम ठरवून शेवटी टाकले आहे, आणि ग्रंथाची रचनाही तशीच आहे: समुद्रप्रवास आरंभी उरकून लेखिका राज्यव्यवस्था, गृहस्थिती, विद्या, धर्मपंथ व परोपकारी संस्था, व्यापारउदीम आणि स्त्रियांची स्थिती यांकडे वळते. संस्था चालते कशी, तिचा खर्च कोण करतो, तिच्यावर अधिकार कोणाचा, हे ती सांगते. ज्याने ती संस्था कधी पाहिली नाही व पाहण्याची शक्यताही नाही, अशा वाचकाला तिच्याशी वाद घालता यावा इतकी माहिती त्याच्या हाती देणे, हेच या गद्याचे सामर्थ्य होय. दोष नाहीत असे नाही. लेखिकेभोवती वावरणारा वर्ग मुख्यतः सुशिक्षित, सुधारणाप्रिय अमेरिकन स्त्रियांचा होता. त्यांच्या चष्म्यातून दिसलेला देश काहीसा अधिक उजळ दिसतो. मात्र तेथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि वर्णद्वेष यांकडे तिने डोळेझाक केलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

नंतरच्या पिढ्यांत या पद्धतीचे अनुकरण झाले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात गेले. हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली इथाका येथे निघाला. परतल्यावर त्यांनी मराठीला तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ दिला. ही परतफेड एवढी प्रचंड आहे की तिच्यापुढे तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटावे. परंतु ती कोणत्या स्वरूपाची आहे हे पाहिले पाहिजे. प्रस्तावनाखंडांपैकी पहिल्याचे नावच ‘हिंदुस्थान आणि जग’ असे आहे; म्हणजे जग आहे, पण ते हिंदुस्थानच्या संबंधाने. खुद्द कॉर्नेलविषयी, तेथील अध्यापनरीतीविषयी या विद्वानाने रमाबाईंच्या तोडीचा ग्रंथ लिहिला नाही. केतकरांच्या व्यवहारात मात्र अमेरिका उतरली असावी असे वाटते: विद्वत्तेच्या कामासाठी मर्यादित भांडवलाची मंडळी स्थापून भाग विकण्याची कल्पना त्या काळच्या मराठी पंडिताला सहजी सुचणारी नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. जातिसंस्थेवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी तेथील मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला गेला. १९२० च्या जानेवारीत त्यांनी ‘मूकनायक’ हे मराठी पाक्षिक सुरू केले. येथेही तोच आकृतिबंध आढळतो: तेथे इंग्रजीत स्वसमाजाविषयी, येथे मराठीत पुन्हा स्वसमाजाविषयी. त्याची कारणे उघड आहेत, आणि त्या कामाच्या निकडीपुढे अमेरिकेचे वर्णन हा विषयच क्षुल्लक होता. भाषाशास्त्राच्या क्षेत्रात अशोक केळकरांनी १९५८ साली कॉर्नेल येथे मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व पदव्यवस्थेवर इंग्रजीत प्रबंध सादर केला आणि पुढे ‘वैखरी’, ‘मध्यमा’, ‘रुजुवात’ यांतून मराठीत विचार मांडला. (केतकर व केळकर दोघेही एकाच विद्यापीठाचे, हा योगायोग असला तरी नोंदविण्याजोगा आहे.) केळकरांनी आणले ते अमेरिकेचे वर्णन नव्हे, तर विचार करण्याची एक शिस्त, आणि तीसाठी लागणारी मराठी परिभाषा त्यांनी स्वतः घडविली. विनिमयाचा हा प्रकार अधिक सूक्ष्म आहे, परंतु त्याचा लाभ अभ्यासकांपुरता राहतो.

रमाबाईंच्या मार्गाने पुढे जाण्याऐवजी मराठी प्रवासलेखन बहुतांशी पाहुण्याच्या नजरेकडे वळले. पाहुणा गंमत पाहतो, फसगत सांगतो, घरच्या जेवणाची आठवण काढतो. ‘अपूर्वाई’चे यश या जातीचे आहे आणि ते निर्विवाद आहे, पण त्याच्या अनुकरणातून निघालेल्या अमेरिकावर्णनांत विद्यापीठ असते ते केवळ बर्फ, वसतिगृह आणि स्वयंपाकाची फजिती यांपुरते. या प्रवृत्तीचे मूळ फार जुने असावे. परंपरेने ज्यांचे जन्मस्थान हिंगोलीजवळचे नरसी मानले जाते, त्या नामदेवांच्या नावावर असलेल्या तीर्थावळीच्या अभंगांत तीर्थांपेक्षा विठ्ठलाचा विरह आणि परतीचा आनंद हेच प्रधान आहेत. उलट नामदेवांनी पंजाबला जे दिले ते तेथे जपून ठेवले गेले: गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. देण्याची बाजू भक्कम आणि पाहिलेल्या देशाचे वर्णन घरी आणण्याची बाजू विरळ, हा क्रम येथेही दिसतो.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. तेथील भाषांतरखात्याने पाश्चात्त्य शास्त्रांवरील ग्रंथ उर्दूत आणण्याचा पद्धतशीर उद्योग केला. परदेशी विद्या देशी भाषेत उतरविता येते की नाही, हा वाद या भूमीत केवळ तात्त्विक नव्हता. तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेला होता. फक्त ती देशी भाषा हिंगोलीच्या विद्यार्थ्याची मातृभाषा नव्हती. हैदराबादेस जाणारा मराठी मुलगा तेथेही एक प्रकारचा परदेशस्थ विद्यार्थीच होता.

आता चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा त्याच प्रदेशात उभी राहावयाची आहे. तिच्यासाठी ‘गुरुत्वीय लहर’, ‘व्यतिकरणमापक’ असे पर्याय मराठीत उपलब्ध आहेत. त्यांत वावगे काही नाही. पण शब्द घडविणे हे काम सोपे आहे. कॅलटेकमधील एका गटात विद्यार्थ्याला काम नेमून कोण देतो, चूक झाल्यास ती कोणापुढे मांडावी लागते, शेकडो सहलेखकांच्या निबंधावर नाव कोणत्या नियमाने येते, यंत्रासाठी लागणारा पैसा कोणाच्या मंजुरीने येतो, या गोष्टी कोणत्याही परिभाषाकोशात मिळणार नाहीत. रमाबाईंनी १८८९ साली नेमके असेच प्रश्न विचारले होते.