'अस्तु' आणि आमेन

मिस्साबलिदानात आपण प्रत्येक प्रार्थना ज्या शब्दाने पूर्ण करतो त्या 'आमेन'चा अर्थ 'तसे होवो' असा आहे. संस्कृतात हाच आशय 'अस्तु' या शब्दात आला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या चित्रपटाचे नाव तेच. चित्रपट आता जुना झाला. सुमित्रा भावे यांचेही २०२१ साली निधन झाले. तरी आम्ही त्याकडे पुन्हा वळलो आहोत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आपल्या धर्मग्रामांत अशी काही घरे आहेत जिथे आईला किंवा वडिलांना पोटच्या मुलाचेही नाव आठवत नाही. त्यांच्या अखेरच्या दिवसांत कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हा निर्णय घरच्यांना घ्यावा लागतो. त्यांना हा चित्रपट कुठवर सोबत करतो, हे आम्हांस पाहावयाचे होते.

डॉ. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे गाढे विद्वान. अल्झायमरने त्यांची स्मृती पुसत नेली आहे. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना मोटारीत बसवून थोडा वेळ दूर जाते. तेवढ्यात रस्त्यावरचा हत्ती त्यांच्या दृष्टीस पडतो आणि ते बालकासारखे त्याच्यामागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना आपल्याजवळ ठेवून घेते, आणि एवढा मोठा पंडित तिला 'आई' म्हणू लागतो.

आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यामुळे असेल, पण रुग्णाची कीव यावी असा एकही हावभाव ते करीत नाहीत. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला, आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांनाही. दोन्ही सन्मान यथार्थ आहेत. चन्नम्माची कानडी शास्त्रीबुवांच्या पांडित्यापासून कोसो दूर. तरी ते तिच्याजवळ शांत होतात. शब्द हरवलेल्या माणसापर्यंत स्वर आणि स्पर्श पोहोचतात, हे चित्रपट न सांगता दाखवतो. जपमाळेच्या वेळी एरवी गप्प असलेली आजी अचूक उत्तर देते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. चन्नम्मा फार सोयीची आहे. गरीब, अशिक्षित, निरपेक्ष. सुशिक्षितांना जे जमत नाही ते तिला सहज जमते. ती शास्त्रींना एक दिवस सांभाळते, इरा वर्षानुवर्षे सांभाळीत आली आहे, आणि अपराधीपणाचे ओझे मात्र इरानेच वाहायचे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत सासूला रात्री तीनदा उठवून सकाळची लोकल गाठणारी सून हे दृश्य पाहून सुखावेल की खंतावेल, याची आम्हांस शंका आहे.

शिवाय कथा थांबते ती खऱ्या प्रश्नाच्या आधी. शास्त्री अजून चालतात, जेवतात, हत्ती पाहून हरखतात. पुढे गिळणे मंदावते, घास तोंडात राहतो, घशात अडकतो. मग रुग्णालयात विचारणा होते: नाकातून नळी घालायची का? श्वास लागला तर यंत्रावर ठेवायचे का? इथे घराघरांत एक जुनाच तंटा उभा राहतो. जिने अंग पुसले, कपडे बदलले, तिला कोणी विचारीत नाही, परदेशातला भाऊ फोनवरून सांगतो, "काही कमी पडू देऊ नका, सगळे करा." 'सगळे' म्हणजे काय, हे त्याने पाहिलेले नसते. नळी उपसून काढू नये म्हणून रुग्णाचे हात पुष्कळदा पलंगाला बांधावे लागतात. आणि स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते किंवा अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया टळतो, असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही. खात नाही म्हणून आई चालली, असे आपल्याला वाटते. बहुधा ती चालली आहे म्हणून खात नसते. अशा वेळी तज्ज्ञ सुचवितात ती गोष्ट साधी आहे. उशी देऊन बसते करावे, मऊ अन्न चमच्याने, तिला हवे तेवढेच, घाई न करता भरवावे. ओठ ओले ठेवावेत. वेदनेवर औषध द्यावे. चित्रपटाच्या भाषेत सांगायचे तर हे चन्नम्माचे काम आहे.

पण नळी नाकारणे म्हणजे आईला उपाशी मारणे नव्हे काय? श्रद्धावंत घरात हा प्रश्न टाळून चालत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना सामान्य आणि असामान्य उपायांतील भेद स्पष्ट केला: ज्यांचा भार सोसवत नाही असे असामान्य उपाय करणे बंधनकारक नाही. १९८० च्या रोमच्या घोषणेने दयामरण निषिद्ध ठरविले, पण मृत्यू अटळपणे समीप आला असता केवळ मरण लांबविणारे उपचार नाकारण्यास मोकळीक दिली. अन्नपाण्याबाबत ख्रिस्तसभा अधिक सावध आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ साली, नळीने दिलेले अन्नपाणी हीदेखील तत्त्वतः सामान्य शुश्रूषाच आहे, असे सांगितले. मात्र त्याने पोषण होत असेल, वेदना शमत असेल, तोवरच हे बंधन आहे. शरीर अन्न स्वीकारीतच नसेल तर प्रश्न बदलतो. तेव्हा सरसकट 'हो' नाही, सरसकट 'नाही'ही नाही. त्या रुग्णाचे, त्या आठवड्याचे उत्तर डॉक्टर आणि धर्मगुरू यांच्याशी बोलून शोधावे लागते.

कायद्याचीही थोडी माहिती हवी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी, जीवन कृत्रिमरीत्या लांबविणारे उपचार आगाऊ लेखाने नाकारण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करावयाची आणि नोटरीने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने तो लेख साक्षांकित करावयाचा. आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावेही त्यात घालता येतात. असा लेख नसला तरी रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे कुटुंबाच्या संमतीने निर्णय करू शकतात. अडचण अशी की लेख लिहिणाऱ्याचे भान शाबूत हवे. स्मृतिभ्रंशात ती मुदत आजाराच्या आरंभीची थोडी वर्षे एवढीच. आपण ती वर्षे 'वयामुळे विसरतात' असे म्हणण्यात घालवितो. शास्त्रींसारख्या शब्दप्रभूला कोणीतरी वेळेवर विचारले असते तर त्याने काय लिहून ठेवले असते? चित्रपटात हा प्रसंग असता तर 'अस्तु' हा शब्द मुलीऐवजी त्याच्याच तोंडी शोभला असता.

तरीही हा चित्रपट धर्मग्रामाच्या सभागृहात एखाद्या रविवारी दुपारी जरूर दाखवावा, असे आम्ही सुचवितो. नंतर तासभर बोलण्यासाठी एक डॉक्टर आणि धर्मगुरू असावेत. तो रविवार नाताळच्या सुट्टीत धरावा, म्हणजे परदेशातले भाऊही घरी आलेले असतील.