शशी गोडबोलेची फी

मागच्या वेळी ‘ती फुलराणी’वर बोलता बोलता वेळ संपली आणि एक मुद्दा राहूनच गेला. आज तिथूनच सुरुवात करतो.

शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली एलायझा प्रोफेसर हिगिन्सच्या घरी येते, ती दया मागायला नाही. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी आहे, त्यासाठी बोलणं सुधारायचंय, आणि एका धड्याला एक शिलिंग द्यायची तिची तयारी आहे. सरळसरळ खासगी शिकवणी! हिगिन्स हिशेब करून सांगतो, की हिच्या कमाईच्या मानाने ही फी जबरदस्त आहे. पण मग पैज लागते, खर्च पिकरिंग उचलतो, शिलिंग मागे पडतो, आणि विद्यार्थिनीचा प्रयोग होऊन जातो. पुलंनी १९७५ साली हे मराठीत आणताना इंग्रजीच्या जागी प्रमाण मराठी ठेवली, आणि भक्ती बर्वेंची मंजुळा आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतली. पण मंजुळाचीही गत तीच. भाषा तिची, घसा तिचा, आणि जिंकणार-हरणार प्रोफेसर.

आता २०१२ सालच्या ‘इंग्लिश विंग्लिश’कडे या. गौरी शिंदेंचा पहिला चित्रपट. तो त्यांनी आपल्या आईवरून रचला, आणि त्या आईचा पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय होता, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे. पडद्यावर लोणच्याचे लाडू झाले एवढंच. (हशा) श्रीदेवीची शशी गोडबोले भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाते, कॉफीच्या दुकानात काउंटरवरच्या बाईपुढे तिची वाचा बसते, आणि मग एका बसवर तिला चार आठवड्यांत इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गाची जाहिरात दिसते. हा वर्ग ती कुणाला न सांगता लावते. पैसे लाडू विकून साठवलेले. नवऱ्याकडे मागितलेले नाहीत, बहिणीकडून उसने नाहीत.

माझ्या मते हा या चित्रपटाचा कणा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. एलायझाचा जो शिलिंग बाजूला पडला, तो शशी स्वतः मोजून टाकते. म्हणून तिच्यावर कुणाची पैज लागू शकत नाही. मास्तर डेव्हिड तिला आंत्रप्रनर म्हणतो तेव्हा ती हरखते ती शब्दामुळे, हे खरंच. पण तो शब्द लाडवांना लागू पडतो म्हणूनही. घरी त्याच लाडवांना किंमत नाही. नवरा सतीश काही दुष्ट माणूस नव्हे, आणि हीच तर खरी पंचाईत! तो हसत हसत, लाडात येऊन तिला छोटी करतो. पोरगी शाळेत आईची लाज बाळगते. ‘जॅझ’चा उच्चार चुकला की घरादाराला करमणूक.

आणि वर्गात? तिथे मेक्सिकोची आया आहे, पाकिस्तानी टॅक्सीवाला आहे, केस कापणारी चिनी मुलगी आहे, आपला तमिळ सॉफ्टवेअरवाला आहे, फ्रेंच स्वयंपाकी लॉराँ आहे. कुणाचंच इंग्रजी धड नाही. त्यामुळे चुकणं ही तिथे लाजेची बाब उरत नाही, तो रोजचा व्यवहार होतो. आपल्याकडे गल्लोगल्ली स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत. मी विद्यार्थिदशेत असाच एक लावला होता. मास्तर चुकलेलं वाक्य फळ्यावर लिहायचे आणि वर्ग हसायचा. तीन आठवड्यांत मी इंग्रजी नाही, गप्प बसायला शिकलो. म्हणून हा पडद्यावरचा वर्ग मला जरा गोड केलेला वाटला, तरी खोटा वाटला नाही. लॉराँ फ्रेंचमध्ये बोलतो, शशी हिंदीत, आणि दोघांना एकमेकांचं कळतं, तो प्रसंग तर भाषेच्या वर्गावरच्या चित्रपटात ठेवायला धाडस लागतं.

तक्रारी आहेतच. चार आठवड्यांत भाषा येते हे बसवरच्या जाहिरातीचं म्हणणं. चित्रपटाने ते तपासायला हवं होतं, त्याने ते खरं करून दाखवलं. शेवटची परीक्षा आणि लग्न एकाच दिवशी येतं, पोराच्या खोडीने लाडू सांडतात, ती परीक्षा सोडून लाडू पुन्हा वळते. इथवर उत्तम. विकतचे आणता आले असते, पण ज्यात आपला हात बसलाय तिथे ती हार मानत नाही. पण मग दिग्दर्शिकेलाच राहवत नाही. मास्तर आणि वर्गमित्र लग्नाला हजर, शशीचं इंग्रजीत भाषण, आणि वर प्रमाणपत्र! सुटलेली परीक्षा मांडवात घेतली. त्या भाषणाने नवऱ्याची मान खाली जाते ती कशामुळे? ती संसारातल्या बरोबरीबद्दल जे बोलली त्यामुळे, की ते इंग्रजीत बोलली म्हणून? हेच ती हिंदीत बोलली असती तर सतीशने ऐकलं असतं का? चित्रपट हा प्रश्न स्वतःला विचारत नाही, आणि मला तो प्रत्येक वेळी बघताना टोचतो.

दुसरी तक्रार आपल्या घरची. पुण्याचे गोडबोले, आणि घरात बोलणं हिंदी. एखाददुसरा शब्द सोडला तर मराठी उगवते ती थेट लग्नाच्या गाण्यात. परतीच्या विमानात शशी हवाई सुंदरीकडे इंग्रजीत हिंदी वर्तमानपत्र मागते. प्रसंग सुरेख आहे, श्रीदेवीने तो नजरेने तोलून धरलाय. हिंदी चित्रपटाचा बाजार मला कळतो, पण पुण्याची गोडबोलेबाई सकाळी चहाबरोबर हिंदी पेपर वाचते होय? (हशा) हसू नका, मी गंभीरपणे म्हणतोय. एका भाषेमुळे होणाऱ्या अपमानावर चित्रपट काढायचा आणि नायिकेची स्वतःची भाषा मात्र गाण्यापुरती ठेवायची, ही मला चूक वाटते. पुलंनी निदान मंजुळाची बोली रंगमंचाच्या मधोमध आणली, आणि ती ऐकायला लोकांनी तिकिटं काढली.

आता मुलीबद्दल थोडं. सपना शेवटी शरमते, पण आईला इंग्रजी आल्यानंतर. त्याआधी तिला शरम वाटावी असा एक प्रसंग होता: शाळेतली पालकसभा. शिक्षक मल्याळी, हिंदी अडखळत बोलणारे, आणि शशी त्यांना हिंदीत बोलायची विनंती करते. ते कसंबसं बोलतात. म्हणजे तिथे मोडकी भाषा बोलणारा शिक्षकच होता, आणि मुलीला लाज वाटली ती मात्र आईची. दोनतीन मिनिटांचा प्रसंग असेल. मी तो आत्ता तुम्हाला दाखवतो, आणि मग प्रश्नांकडे वळू. दिवे जरा मालवा.