गर्जनेपूर्वीचे वाचन : अँटेलोप कॅन्यन, हिवाळा आणि संहितेची उपलब्धता

१

कोणतीही संहिता कोणत्याही वेळी वाचता येते, हे आधुनिक समीक्षेचे एक न उच्चारलेले गृहीतक आहे. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत असतो, भाषिक रचनेत असतो की वाचकाच्या प्रतिसादात, यावर विसाव्या शतकात पुष्कळ वाद झाले. परंतु संहिता वाचकाला सदैव उपलब्ध असते, याविषयी वादी-प्रतिवादींचे एकमतच होते. मुद्रणाने हे गृहीतक दृढ केले. ग्रंथालयाच्या फडताळातील पुस्तकाला ऋतू नसतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी एका अशा स्थळाच्या आधारे करावयाची आहे की, ज्याला ऋतू आहे, पण ज्याचे वाचन मात्र ऋतूचे भान न ठेवता केले जाते. हे स्थळ म्हणजे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, पेज या गावाजवळ, नवाहो राष्ट्राच्या भूमीवर असलेली अँटेलोप कॅन्यन ही वाळवंटातील अरुंद घळ.

स्थळाचे 'वाचन' हा प्रयोग येथे केवळ रूपक म्हणून केलेला नाही. कोणतेही प्रसिद्ध स्थळ आपल्यापर्यंत पोहोचते ते नावे, वर्णने, चित्रे आणि प्रवेशाचे नियम यांच्या द्वारा. या सर्वांची मिळून एक चिन्हव्यवस्था बनते आणि पाहणारा त्या व्यवस्थेतूनच पाहतो. म्हणून ही घळ पाहायला कोणत्या ऋतूत जावे, हा प्रश्न प्रवासमार्गदर्शकापुरता उरत नाही. तो अर्थनिर्णयाचा प्रश्न होतो.

घळीची घडण थोडक्यात सांगितली पाहिजे. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक युगाच्या पूर्वार्धात, वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या कालांतराने दगड झाल्या. त्या वालुकाश्माला आज 'नवाहो वालुकाश्म' असे नाव आहे. पुढे पावसाळी लोंढ्यांनी, वाळू आणि गोटे सोबत घेऊन, या दगडात चीर कोरली. आपल्याकडे निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे ज्याने पाहिले आहेत, त्याला पाण्याच्या भोवऱ्याने दगड कसा घासला जातो हे निराळे सांगावे लागणार नाही. अँटेलोप कॅन्यनमध्ये हे कोरीव काम सुमारे १२० फूट खोलवर गेले आहे. भिंतींवरील तिरप्या, परस्परांना छेदणाऱ्या रेषा वाऱ्याच्या, तर भिंतींची वळणे पाण्याची. एका लिपीवर दुसरी लिपी लिहावी, आणि पहिली पुसली न जाता दुसरीतून दिसत राहावी, असे हे लेखन आहे.

२

या घळीची जी प्रतिमा जगभर रूढ झाली आहे, ती उन्हाळ्याची आहे. घळीचा 'वरचा' म्हणून ओळखला जाणारा भाग तळाशी रुंद आणि माथ्याशी चिंचोळा आहे. साधारणतः मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, मध्यान्हीच्या सुमारास, माथ्यावरच्या फटीतून प्रकाशाचा झोत थेट तळापर्यंत उतरतो. हा झोत म्हणजेच अँटेलोप कॅन्यन, असे समीकरण छायाचित्रांनी प्रस्थापित केले. पीटर लिक या छायाचित्रकाराचे येथील एक कृष्णधवल छायाचित्र ६५ लाख डॉलरना विकले गेल्याचे २०१४ च्या डिसेंबरात जाहीर करण्यात आले. झोतातील धुळीला मानवाकृतीसारखा आकार आल्याने त्या चित्राला 'फँटम' असे नाव मिळाले आहे. त्या किमतीवरून आणि चित्राच्या कलामूल्यावरून पुष्कळ चर्चा झाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. एका भूभागाचा वर्षातील काही महिन्यांतील, दिवसातील काही मिनिटांचा क्षण त्या भूभागाचे सार म्हणून स्वीकारला गेला.

प्रकाश स्वतः दिसत नाही. दिसते ती त्याच्या वाटेतील धूळ. म्हणूनच झोत ठळक दिसावा यासाठी वाटाडे मूठभर वाळू हवेत उधळीत आणि पाहुणे छायाचित्रे घेत. कॅमेऱ्याचे पटल काही सेकंद उघडे ठेवले की नारिंगी रंग डोळ्यांना दिसतो त्याहून गडद उमटतो. अशा रीतीने जे 'निसर्गदृश्य' म्हणून ओळखले जाते, ते प्रत्यक्षात ऋतू, वाळू, हात आणि यंत्र यांनी मिळून घडविलेली कृती असते. त्यात गैर काहीच नाही; सर्व कला अशीच घडते. आक्षेपार्ह आहे तो या घडणीचा विसर. विशेष म्हणजे या प्रतिमेत घळीचा कर्ता, म्हणजे पाणी, कोठेच नसतो. दगड ज्वाळेसारखा दिसतो, आणि पाहणाऱ्याला पाण्याची आठवणही होत नाही.

हिवाळ्यात हा झोत नसतो. पेजच्या अक्षांशावर २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७६ अंशांवर असतो; २१ डिसेंबरला तो ३० अंशांच्याही किंचित खालीच राहतो. एवढा तिरपा प्रकाश तळापर्यंत पोहोचू शकत नाही. तो माथ्याजवळच्या भिंतीवर पडतो, समोरच्या भिंतीवर परततो, आणि असा परावर्तित होत होत, प्रत्येक टप्प्यावर काही गमावत, खाली येतो. वरती पिवळसर, मध्ये तांबूस, तळाशी जांभळट-निळसर अशी छटांची उतरंड दिसते. डोळे एका ठिकाणी खिळत नाहीत, कारण खिळण्यासाठी केंद्रच नसते. झोताची प्रतिमा केंद्रवर्ती आहे. हिवाळ्यातील घळ केंद्रहीन आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला भिंतीवरील रेषा, माथ्याजवळ अडकून पडलेले लाकडाचे ओंडके आणि एकूण पाण्याच्या खुणा दिसू लागतात. झोत नसल्यामुळे लेखन वाचता येते, असे म्हटले तरी चालेल.

३

येथे उदात्ताच्या संकल्पनेचा विचार अपरिहार्य ठरतो. बर्कच्या १७५७ च्या ग्रंथापासून भीती आणि उदात्त यांचा संबंध सौंदर्यशास्त्रात मान्य झाला आहे. कांटने १७९० मध्ये त्याला निर्णायक वळण दिले. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे कांटची ही भूमिका मराठी अभ्यासकाला परिचित आहे. निसर्गाचे प्रचंड सामर्थ्य उदात्त वाटते ते आपण सुरक्षित जागी असलो तरच, ही कांटची अट. कडे, वादळ, ज्वालामुखी यांच्याकडे आपण दुरून पाहतो. त्या अंतरामुळे भीतीचे रूपांतर स्वतःच्या विवेकशक्तीच्या प्रत्ययात होते.

अरुंद घळीत ही अट मोडते. तेथे अंतर घेण्यास जागाच नाही. काही ठिकाणी दोन्ही हातही पुरते पसरता येत नाहीत. पाहणारा दृश्यासमोर नसतो, दृश्याच्या आत असतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी घळीच्या खालच्या भागात आलेल्या लोंढ्यात अकरा पर्यटकांचा बळी गेला. पाऊस घळीवर नव्हे, वरच्या अंगाला काही मैलांवर पडला होता. ज्यांनी मृत्यू ओढवला, त्या ढगांचे घळीत उभ्या असलेल्यांना दर्शनही झाले नसावे. उदात्ताच्या रूढ मांडणीत भय आधी दिसते आणि मग त्यावर मन मात करते. येथे भय दिसतच नाही. पुढे खालच्या भागातील लाकडी शिड्यांच्या जागी दगडात पक्के बसविलेले लोखंडी जिने आले. नवाहो राष्ट्राने १९९७ मध्येच हे क्षेत्र आपले उद्यान म्हणून घोषित केले होते. अधिकृत वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही, हा आजचा नियम आहे.

या घटनेचा सौंदर्यशास्त्रीय अर्थ असा की, कांटला अभिप्रेत असलेली 'सुरक्षित जागा' येथे जागा नसून ऋतू आहे. जुलै ते सप्टेंबर हा या प्रदेशातील वादळी पावसाचा काळ. म्हणजे ज्या महिन्यांत प्रसिद्ध झोत दिसतो, त्यांतच बव्हंशी लोंढ्यांचा धोका असतो. लोकप्रिय प्रतिमा आणि मृत्यू यांचे पंचांग एकच आहे. मात्र प्रतिमा ते सांगत नाही. हिवाळ्यात दोन्ही मागे सरतात. ही ऋतूची हमीही पूर्ण नव्हे. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस आलेल्या पुरानंतर घळीचा खालचा भाग सुमारे पाच महिने, म्हणजे जवळजवळ सबंध हिवाळा, बंद ठेवावा लागला होता.

४

'अँटेलोप' हे इंग्रजी नाव एकेकाळी येथे वावरणाऱ्या हरणसदृश प्राण्यांवरून आले. ते नामवाचक आहे; स्थळाला एक चिठ्ठी लावून मोकळे होते. वरच्या भागाचे नवाहो नाव 'त्से बिघानिलिनी' असे आहे. त्याचा अर्थ, 'जेथे पाणी दगडातून वाहते ते'. नावाच्या गाभ्याशी वाहण्याची क्रिया आहे. केवळ नाव नीट ऐकणाऱ्याला घळ कोणी केली आणि तेथे काय घडू शकते, हे कळते. छायाचित्राने जे पुसले, ते नावाने जपले. स्थानिक नवाहोंच्या आठवणीप्रमाणे हा परिसर हिवाळ्यात गुरे चारण्याचा होता. जुनी माणसे अशा घळीत शिरण्यापूर्वी क्षणभर थांबत, मन सिद्ध करून मगच आत जात, असेही सांगितले जाते. म्हणजे पर्यटनाने ज्याला 'मंदीचा मोसम' ठरविले, तोच या भूमीवर माणसांच्या वावराचा मूळ मोसम होता.

नवाहो परंपरेत हिवाळ्याला वाङ्मयीन अर्थही आहे. कायोटीच्या, म्हणजे कोल्ह्यासारख्या त्या खोडकर प्राण्याच्या, कथा आणि दोऱ्याचे खेळ हे पहिल्या दहिवरानंतर सुरू होतात आणि वसंतातील पहिल्या मेघगर्जनेबरोबर थांबतात. साप-अस्वले निद्रिस्त असताना आणि वीज शांत असतानाच या कथा सांगावयाच्या, असा संकेत आहे. रात्रीचे स्तवन म्हणून ओळखला जाणारा नऊ रात्रींचा विधीही थंडीच्या काळातलाच. त्याची संहिता वॉशिंग्टन मॅथ्यूज यांनी १९०२ मध्ये इंग्रजीत छापली, आणि एन. स्कॉट मोमाडे या कायोवा लेखकाने आपल्या १९६८ च्या कादंबरीचे शीर्षक त्याच विधीतील प्रार्थनेतून घेतले. गर्जना हे कथा थांबविण्याचे चिन्ह आहे, आणि गर्जना हेच घळीतून बाहेर पडण्याचे चिन्ह. या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे असा दावा येथे नाही. परंतु ऐकण्याचा आणि आत जाण्याचा अवकाश एकाच खुणेने बंद होतो, हे सादृश्य समीक्षकाने नजरेआड करू नये.

याच्या शेजारी एडवर्ड ॲबी यांचे 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८) ठेवून पाहावे. वाळवंटाविषयीच्या आधुनिक अमेरिकी गद्यातील हे अत्यंत प्रभावी पुस्तक. त्यातील निवेदक एप्रिलमध्ये रखवालदार म्हणून येतो आणि मोसम संपताच निघून जातो. हिवाळा पुस्तकाबाहेर राहतो. मोटारींनी आणलेल्या पर्यटनावर ॲबी यांनी घणाघाती टीका केली, ग्लेन कॅन्यन धरणाखाली बुडण्यापूर्वी तेथून केलेल्या नौकाप्रवासाचे अविस्मरणीय वर्णन केले. १९६३ पासून त्या धरणात साठू लागलेले पाणी आज अँटेलोप कॅन्यनच्या मुखातही शिरलेले आहे. तरीही त्यांच्या एकांताला निर्जन वाळवंट लागते; नवाहो माणसे पुस्तकात येतात ती मुख्यतः दारिद्र्य आणि लोकसंख्यावाढ यांच्या चर्चेत, कथनकार म्हणून नव्हे. हिवाळा वगळणे आणि कथनकार वगळणे या दोन गोष्टी एकाच दृष्टीतून आल्या आहेत, असे मला वाटते. जो उन्हाळ्यात येऊन पाहतो, त्याला दृश्य मिळते. जो थंडीत राहतो, त्याच्या वाट्याला ऐकणे येते.

५

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हिवाळ्यातील भेटही शेवटी तिकीट काढूनच होते. कमी गर्दी आणि मऊ रंग यांचीही जाहिरात करता येते. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. हिवाळा म्हणजे 'अस्सल' घळ आणि उन्हाळा म्हणजे 'नकली', अशी विभागणी केली तर एका गोठलेल्या प्रतिमेच्या जागी दुसरी येईल, एवढेच. हिवाळ्याचे मूल्य अस्सलपणात नसून त्यामुळे मिळणाऱ्या अभावात आहे. अपेक्षित दृश्य न मिळाल्याने पाहणाऱ्याला आपल्या अपेक्षेची घडण कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऋतुबद्ध कथनाचा संकेत आपल्याला कळला तो छापील इंग्रजी ग्रंथांतून, म्हणजे त्या संकेताला न जुमानणाऱ्या माध्यमातून. हा लेखही कोणी भर जुलैत वाचू शकेल. यातून सुटका नाही. परंतु या संकेताकडे 'आदिम निषेध' म्हणून पाहण्याची सवय तरी सोडता येईल. मराठी वाचकाला ते अवघड जाऊ नये. श्रावणातल्या कहाण्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या व्रताच्या संदर्भात वाचल्या जात. त्यांचे पुस्तक घरात वर्षभर असे, कहाणी मात्र त्या दिवशीच 'घडे'. लोकसाहित्याच्या संकलनात या कहाण्या कथानकांच्या तक्त्यात बसविल्या गेल्या तेव्हा शब्द राहिले, वार गेला. तो वार संहितेबाहेरचा तपशील होता की संहितेचाच घटक होता, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला.

त्याचे उत्तर अँटेलोप कॅन्यनच्या संदर्भात तरी स्पष्ट आहे. जेथे पाणी दगडातून वाहते तेथे केव्हा जावे, हे अर्थाबाहेरचे नाही. नावातच ते अंतर्भूत आहे. वाचकाचे स्वातंत्र्य हा गेल्या काही दशकांच्या समीक्षेचा मोठा लाभ होय, आणि तो गमावण्याचे कारण नाही. पण त्या स्वातंत्र्याबरोबर थांबण्याचे ज्ञानही असले पाहिजे. काही संहिता आपल्याला वाचू देतात त्या एका अवधीपुरत्या. तो अवधी ओळखणे हा त्यांच्या आकलनाचाच भाग असतो. पहिली गर्जना ऐकू आली की सांगणारा थांबतो. ऐकणाऱ्यानेही उठावे, हे त्या कथेचेच शेवटचे वाक्य आहे.