आम्लाचे उत्तर आठ!

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या उदाहरणसंग्रहांत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका अतिविरल द्रावणात दर लिटरला १० चा उणे ८ वा घात, म्हणजे एका मोलाचा दहा कोटीवा भाग, इतके आम्ल आहे; तर द्रावणाचा पीएच काढा. हायड्रोजन आयनांच्या संहतीचा लॉग काढायचा आणि त्याचे चिन्ह बदलायचे, हे विद्यार्थ्याला पाठ असते. तो उणे ८ चे ८ करतो, उत्तराखाली दोन रेघा ओढतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पाण्यात आम्ल टाकले आणि पाणी आम्लारिधर्मी झाले, याचे त्याला काहीच वाटत नाही. गणित कोणाचेही चुकते. पण असे उत्तर पाहून विद्यार्थी दचकत नाही, ही गोष्ट आम्हांला जास्त गंभीर वाटते, आणि तिचे मूळ हे प्रकरण ज्या पद्धतीने मांडले जाते तिच्यात आहे असे आमचे मत आहे.

प्रश्न स्वतः फार चांगला आहे. तो सोडवताना विद्यार्थी विसरतो ते पाण्याला. शुद्ध पाण्याचेही विचरण होते. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात हायड्रोजन आयन एका मोलाच्या कोटीव्या भागाइतके असतात. हे प्रमाण म्हणजे पाण्याच्या सुमारे साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एक आयन. इतके थोडे असूनही आपल्या आम्लाने दिलेल्या आयनांच्या ते दहापट आहे! तेव्हा पाण्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

काही मार्गदर्शक पुस्तके येथवर येतात आणि मग घाई करतात. मोलाचा कोटीवा भाग हे एकक धरले तर पाण्याचे १ आणि आम्लाचे ०.१, बेरीज १.१, म्हणून पीएच ६.९६, असे त्यांत छापलेले आढळते. ही रीत चुकीची आहे. आम्लाचे आयन आले की पाण्याचे विचरण मागे रेटले जाते, त्यामुळे पाण्याचा वाटा १ राहतच नाही. एकूण हायड्रोजन आयन क्ष मानले, तर पाण्याकडून आलेले क्ष − ०.१, आणि पाण्याने तेवढेच हायड्रॉक्साइड आयन दिलेले असणार. या एककात दोहोंचा गुणाकार १ असला पाहिजे. म्हणून क्ष × (क्ष − ०.१) = १. हे वर्गसमीकरण सोडवले की क्ष १.०५ येतो. पाण्याचा वाटा ०.९५ वर उतरला, आणि पीएच ६.९८ आला. ६.९६ काय आणि ६.९८ काय, असे कोणी म्हणेल. गुणांच्या दृष्टीने कदाचित फरक पडणारही नाही. पण पहिल्या रीतीत आयनांचा गुणाकार १.१ होतो, म्हणजे समतोलच मोडतो. आणि प्रकरणाचे नाव तर आयनिक समतोल आहे.

आता जे कोणतेच पुस्तक सहसा सांगत नाही ते. हे बरोबर उत्तरही चंचुपात्रात सापडत नाही. ऊर्ध्वपातित पाणी हवेत उघडे राहिले की त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पाण्याचा पीएच सुमारे ५.६ पर्यंत उतरतो. हवेने दिलेले हे हायड्रोजन आयन आपल्या अतिविरल आम्लाने दिलेल्या आयनांच्या सुमारे अडीचशे पट भरतात. म्हणजे ज्या द्रावणाच्या पीएचसाठी आपण दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या अंकावर वाद घालतो, ते प्रयोगशाळेत उघड्यावर तयार करताच येत नाही. वर्गात हे सांगितले म्हणून उदाहरणाचे महत्त्व कमी होईल असे आम्हांला वाटत नाही. उलट पाणी चांगले उकळून, बूच लावून गार केले, आणि ते व उघडे ठेवलेले पाणी यांत वैश्विक दर्शकाचे थेंब टाकून पाहिले, तर विद्यार्थ्याला आकड्यामागचे पाणी प्रथमच दिसेल.

पीएचची कल्पना लॉगच्या कोष्टकातून निघाली, असा समज या प्रकरणातून होतो. ती निघाली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांनी काढलेल्या प्रयोगशाळेत. १९०९ साली तेथील एस. पी. एल. सोरेन्सन विकरांच्या कार्याचा अभ्यास करीत होते. द्रावणात आम्ल एकूण किती ओतले यापेक्षा त्यात मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत यावर विकराचे काम अवलंबून असते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. हे आयन फार थोडे असतात. ते सुटसुटीतपणे लिहिता यावेत म्हणून त्यांनी घातांकाची ही युक्ती योजली. आपण युक्ती ठेवली आणि ज्या भेदासाठी ती होती तो सोडून दिला.

तो भेद आपल्याकडे शब्दानेही झाकला जातो. 'आम्लता' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो: मोकळ्या आयनांची संहती, आणि उदासिनीकरणाला लागणाऱ्या आम्लाचा एकूण साठा. 'तीव्र' आणि 'संहत' यांची गल्लत होते ती येथूनच. यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. सुमारे साडेचार टक्के अॅसेटिक आम्ल असलेल्या व्हिनेगरमध्ये दर लिटरला पाऊण मोल आम्ल असते, पण विचरण थोड्याच रेणूंचे होत असल्यामुळे त्याचा पीएच २.४ च्या आसपास येतो. तेवढ्याच पीएचचे हायड्रोक्लोरिक आम्ल करायचे तर लिटरला ०.००३७ मोल पुरते. दर्शक कागदावर दोघांचा रंग सारखाच. आता दोहोंचे १०-१० मिलिलिटर घेऊन, फिनॉल्फ्थॅलीन टाकून, ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करावे. हायड्रोक्लोरिक आम्लाला अर्धा मिलिलिटरही लागत नाही. व्हिनेगरला पाऊणशे मिलिलिटर लागते, म्हणजे ब्युरेट पुन्हा भरावी लागते! ती पुन्हा भरताना विद्यार्थ्याला जो प्रश्न पडेल तो दहा उदाहरणे सोडवून पडणार नाही.

बाकीचे दोष थोडक्यात. ७ म्हणजे उदासीन, हे विधान तापमान न सांगता दिले जाते. ६० अंशांवर शुद्ध पाण्याचा पीएच सुमारे ६.५ असतो आणि तरीही ते उदासीनच असते. पट्टी ० ते १४ इतकीच, असेही शिकवले जाते; कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीच्या पाण्यात तो उणे ३.६ इतका आढळला आहे. आणि उत्तरे चार दशांश स्थळांपर्यंत कशासाठी? पीएचमध्ये ०.०१ चा फरक म्हणजे आयनांच्या संहतीत सव्वादोन टक्क्यांहून थोडा अधिक फरक. ज्या विचरण स्थिरांकाला दोनच सार्थ अंक आहेत त्यातून चौथे दशांश स्थळ कोठून येणार?

शालेय पुस्तकांत पीएचला 'सामू' म्हणतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेवर जमिनीचा सामू नोंदलेला असतो, त्यामुळे शेतकरी कुटुंबातल्या मुलांना हा आकडा परका राहिलेला नाही. त्यांना विचारण्याजोगे एक उदाहरण आम्ही सुचवतो. सामू २ आणि सामू ४ असलेली हायड्रोक्लोरिक आम्लाची द्रावणे समभाग मिसळली. मिश्रणाचा सामू किती? बहुतेक मुले सरासरी काढून ३ सांगतील. सरासरी काढायची ती आयनांची. पहिल्यात ०.०१, दुसऱ्यात ०.०००१, मिश्रणात ०.००५०५, सामू २.३. लॉगचे कोष्टक उघडण्याआधी उत्तर २ च्या जवळ असेल की ४ च्या, एवढेच कारणासह विचारावे, आणि गुणांपैकी निम्मे त्या कारणाला ठेवावेत.