पायपेटीची साथ आणि शब्दोच्चार

पेटीवरील टीका प्रायः एकाच मुद्द्याभोवती फिरत आली आहे : या वाद्यात मींड नाही आणि त्याचे स्वर जखडलेले आहेत. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर घातलेल्या बंदीमागेही हाच आक्षेप प्रमुख होता. आक्षेप खरा आहे. परंतु तो स्वरापुरता आहे. मराठी गायनात शब्दालाही स्वराइतकेच महत्त्व असल्यामुळे, साथीचे वाद्य दोन स्वरांमधील सीमा कशी राखते, हा प्रश्नही विचारार्ह ठरतो.

पियानोशी तुलना केल्यास तो स्पष्ट होतो. पियानोत आघातानंतर नाद क्षीण होत जातो व बोट उचलताच थांबतो. उजवे पेडल दाबले असता मात्र बोट निघाले तरी तारा निनादत राहतात. म्हणून निपुण वादक नवा स्वर वाजताच पेडल सोडून लगेच पुन्हा दाबतो. त्यायोगे स्वर जोडले जातात, पण मिसळत नाहीत. संगीत नाटकांबरोबर महाराष्ट्रात रुजलेल्या पायपेटीत पायाचे कार्य निराळे आहे. तो भात्याला वारा पुरवतो आणि नादाचा जोर ठरवतो. बोट उचलले की, पाय कितीही चालो, स्वर थांबतो. सीमा राखण्याची सारी जबाबदारी बोटांवर येते.

याचा कस भावगीतात लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे ‘शीळ’ हे गीत जी. एन. जोशी यांच्या गायनाने लोकप्रिय झाले. त्याचे शीर्षकच पाहावे. ‘श’ अघोष घर्षक आहे. त्याला स्वरतंतूंचा नाद नाही. ‘ई’ दीर्घ आहे. ‘ळ’ उच्चारताना जीभ उलटून क्षणभर टाळूस लागते. साथीदाराने मागचा स्वर न सोडता पुढचा त्यावर चढवला आणि भाता त्याच जोराने चालवला, तर ‘श’ झाकला जातो, ‘ळ’ पुसट होतो. श्रोत्यापर्यंत केवळ ‘ई’ पोचते. उलट, अक्षरागणिक स्वर तोडल्यास ओळीचा ओघ खंडित होतो.

तेव्हा पायाने ओळीचा चढउतार सांभाळावा. बोटांनी शब्दाच्या आत स्वर न चढवता जोडावेत आणि शब्द संपेल तेथे किंचित उसंत द्यावी, हीच सुजाण साथ होय. ‘साथ सुरेल होती’ एवढ्या अभिप्रायाने समीक्षकाचे कर्तव्य संपत नाही. त्या साथीत कवीचा शब्द शाबूत राहिला काय, हेही त्याने सांगितले पाहिजे.